मागच्या दारची डांगरी

९ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्या घातलेलाच मान्य करून घे. एक पलंग, एक टेबल, आणि खिडकीबाहेर कॉलेजच्या पार्किंगचा पत्रा. सकाळी त्याच्यावर कावळे नाचतात, त्यामुळे गजराची गरज पडत नाही.

आमच्या तुकडीत सगळ्यात म्हातारी मीच. चाळिशीची बाई मोटार दुरुस्तीच्या कोर्सला आली असेल हे इथे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पहिल्या दिवशी एका पोराने मला ऑफिसचा रस्ता दाखवला, कुणाची तरी आई चौकशीला आली असं समजून. दुसऱ्या दिवशी त्याच पोराचा गंजलेला नट हलेना, तो मी काढून दिला. आता सगळी मला मावशी म्हणतात आणि माझ्या टेबलाभोवती घोटाळतात. बॅगांच्या कारखान्यात इतकी वर्षं शिवणयंत्रावर वाकून बसले, तिथे मला कधी कुणी काही विचारलं नाही. इथे विचारतात. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय असतं बाई, असं मीच विचारत होते, आता मीच लोकांना सांगत फिरते, वय न बघता हातची कामं शिकवणारं कॉलेज.

तू स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ दातांत धरतोस, हे मी आमच्या सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, कान गेलेला मेकॅनिक हाडांनी ऐकतो. कोर्स संपला की मी परत येणार आणि गॅरेजात तुझे कान होणार, यात आता बदल नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून ही कागदावरची बडबड. वहिनीला मात्र फोन केला होता. "बरी आहे. वेळेवर जेव," एवढं बोलली आणि ठेवून दिला. दादा, तिचा राग अजून उतरला नाही का? निघताना म्हणाली होती, घरात काळ्या हातांचं एक माणूस पुरे आहे. आईबाबा गेल्यावर तिने मला वाढवलं, वेणी घातली, शाळेत पोचवलं, आणि मी तिच्याशी भांडून घराबाहेर पडले. ते टोचतं. तू तिची समजूत घाल.

तुझी
वायसर


२८ सप्टेंबर

चि. वायसर,

आशीर्वाद नेहमीचेच, उभ्याने घातलेल्या नमस्काराला बसून दिलेले.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिला स्वतःला वाचता येतं, पण म्हणते, दिवसभर तुम्ही तोंडातून शब्द काढत नाही, निदान पोरीचं पत्र तरी बोला. मी किती मोठ्याने वाचतो ते मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचे शिंपी विचारत होते, तो नट शेवटी निघाला ना.

वहिनी रागावलेली नाही. तिला फोनचा कंटाळा येतो. इकडे जरा दवाखान्याच्या खेपा चालू आहेत, त्यामुळे गॅरेज दुपारचं बंद ठेवतो. काळजीचं काही नाही. जुनी गाडी आहे, कुठे ना कुठे खडखडणारच.

तिथे फार शहाणपणा दाखवू नकोस. तुला लहानपणी वायसर म्हणायला लागलो ते तू गोल होतीस म्हणून नव्हे, जिथे गळत असेल तिथे जाऊन बसायचीस म्हणून. तशीच गुपचूप बसून शीक. फक्त ब्रेकचा धडा आला की माझं नाव काढ. फुंकर मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही, हे तुला मी शिकवलंय. हवेचा पाइप घ्यायचा, चाकातला ब्रेकचा ड्रम लखलखीत करायचा, मग पुढचं काम.

दादा


१६ ऑक्टोबर

दादा,

तुझं नाव काढायला गेले आणि काय झालं ते ऐक.

ब्रेकचा पहिला तास. एक जुनी गाडी जॅकवर चढवलेली, चाक काढलेलं, ड्रम उघडा, आत झिजलेल्या ब्रेक-लायनरची राखाडी भुकटी साचलेली, आपल्याकडे असते तशी. पोरं नुसती बघत उभी. म्हटलं, दाखवावं यांना. पाइप ओढला आणि ड्रमवर धरला. फुंकर सुटली न सुटली तोच सरांनी कॉम्प्रेसर बंद केला. म्हणाले, "सगळे बाहेर व्हा. आत्ता." ओरडले नाहीत, म्हणूनच सगळे घाबरले. दारं-खिडक्या उघड्या टाकल्या आणि सर एकटे तोंडाला मास्क लावून आत गेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी मी व्हरांड्यात रिकामी उभी.

मग त्यांनी समजावलं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. दगडाचेच तंतू, पण डोळ्यांना न दिसणारे. हवेने उडवले की कितीतरी वेळ तरंगत राहतात. छातीत गेले की रुतून बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आजार होऊन वर येतात. म्हणून ड्रम आधी ओला करायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. फुंकर कधीच नाही. आणि अंगावरची डांगरी इथेच टांगून जायची, ती कॉलेज धुऊन देतं. घरी न्यायची नाही. सर म्हणाले, "डांगरी घालणाऱ्याच्या छातीत धूळ जाते तशी ती धुणाऱ्याच्याही छातीत जाते."

मी हसत लिहायला बसले होते, आता भीती वाटते आहे. तू आयुष्यभर फुंकर मारत आलास. दवाखान्याच्या खेपा म्हणालास, कशासाठी ते लिहिलं नाहीस. खोकला आहे का? छातीचा फोटो काढलास का? मला खरं काय ते लिही.

वहिनी फोनवर अजून दोन शब्दांच्या पुढे जात नाही. मध्येच गप्प होते, नुसता श्वास ऐकू येतो. एवढा राग बरा नव्हे.

वायसर


२ डिसेंबर

चि. वायसर,

उत्तराला उशीर झाला. मी ठणठणीत आहे. छातीचा फोटो काढला, स्वच्छ आहे. फुंकर बंद केली, आता ओलं फडकं वापरतो.

यापुढे पत्र गॅरेजच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. त्या धुळीबद्दल पुन्हा लिहू नकोस आणि वहिनीशी फोनवर तो विषय काढू नकोस.

अभ्यास कर.

दादा


११ डिसेंबर

वहिनी,

तू रागावलेली आहेस ते मला ठाऊक आहे. पण आधी हे वाच आणि मग पाहिजे तेवढी रागाव.

दादा आपल्यापासून काहीतरी लपवतो आहे. दवाखान्यात जातो, कशासाठी ते सांगत नाही. मी विचारलं तर चार ओळींचं पत्र, त्यात एकही चेष्टा नाही. दादाचं पत्र आणि चेष्टा नाही, असं कधी झालंय का? वर म्हणतो, पत्र गॅरेजवर पाठव. म्हणजे तुझ्या हाती पडायला नको.

ब्रेकच्या भुकटीत विष असतं, हे मी इथे शिकले. ती छातीत जाऊन वर्षानुवर्षं बसते. त्याला तेच झालं असणार. तू रोज त्याच्या समोर असतेस. तो खोकतो का, जिना चढताना थांबतो का, वजन उतरलंय का, नीट बघ. त्याला धरून मोठ्या दवाखान्यात ने आणि डॉक्टरला स्पष्ट सांग की हा माणूस जन्मभर ही धूळ उडवत होता. तो माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. वहिनी, त्याला वाचव. तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही.

तुझी
वायसर


३ जानेवारी

वन्संबाई,

मी तुला वन्सं म्हणते तेव्हा चिडलेली असते, हे तुला सांगायला नको. आज चिडलेली आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या दादाला काही झालेलं नाही, घोड्यासारखे आहेत. आजारी मी आहे. दवाखान्याच्या खेपा माझ्या. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. पाठीतून सुई घालून पाणी काढतात, थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा भरतं. बरं होण्याचं औषध नाही, असं डॉक्टरने सरळ सांगितलं. सरळ बोलणारी माणसं मला आवडतात. फोनवर गप्प होते ती रागाने नाही गं. एका श्वासात मावेल तेवढंच बोलता येतं. हे पत्रसुद्धा उठत-बसत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

डॉक्टरने मला विचारलं, घरात कुणी ब्रेकचं काम करतं का, आणि त्याचे कपडे कोण धुतं. हे शेजारीच बसले होते, माझी पिशवी मांडीवर घेऊन. डॉक्टरचं तोंड माझ्याकडे होतं, यांना काही ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "ते स्वतःच धुतात." ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्याच्याबद्दल. डॉक्टरने यांच्या हातांकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही.

मला तिथेच समजलं होतं, तुझ्या सरांची गरज पडली नाही. मागच्या दारी खुंटीला डांगरी टांगायची आणि काठीने झोडपायची. झटकल्याशिवाय पाण्यात घातली तर बादलीतले सगळे कपडे काळे होतात. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुझ्या आईने मला हे शिकवलं. तेव्हा तुझ्या बाबांची डांगरी त्या झटकायच्या. त्याही छातीनेच गेल्या, आठवतं ना? लोट उठायचा, मी तोंड फिरवायची आणि पुन्हा झोडपायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोल कुणाला लावायचा?

यांना हे कळता कामा नये. कळलं तर हे उभे राहणार नाहीत, आणि माझ्यामागे यांना जगायचं आहे. आधीच काळजीने कामावरचं लक्ष उडालंय. हल्ली रोज यांच्या अंगावर कुणाचा ना कुणाचा रेडिएटर फुटतो, डांगरी निथळत घरी येते. इतक्या वर्षांत असा हात चुकला नव्हता. मी काही बोलत नाही, घेते आणि धुते.

तुला कॉलेजला नको म्हटलं ते काळ्या हातांसाठी नव्हतं. तू गेलीस की घर रिकामं होणार होतं, ते सांगायची लाज वाटली, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. तू परीक्षा दे. अर्धवट सोडून आलीस तर दारात उभी करणार नाही. आणि झाकली मूठ झाकलेलीच ठेव. माझी शपथ आहे तुला.

तुझी वहिनी


५ जानेवारी

चि. वायसर,

मी तुझ्याशी खोटं बोललो. आजारी मी नाही, तुझी वहिनी आहे, आणि ती यातून उठणार नाही. तिने मला बजावलं होतं की परीक्षेपर्यंत तुला कळवायचं नाही. पण आता हे एकट्याला पेलत नाही.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी तिला नेहमीसारखं वाचून दाखवत होतो. धुणाऱ्याच्याही छातीत जाते, या ओळीवर आलो आणि जीभ हलेना. त्याच आठवड्यात डॉक्टरने तिच्या आजाराचं नाव सांगितलं होतं. दोन आणि दोन चार करायला कान लागत नाहीत. मी ती ओळ गाळली आणि तिथल्या हवापाण्याबद्दल काहीतरी जोडून दिलं. ती म्हणाली, पोरगी हवेबद्दल कधीपासून लिहायला लागली?

मी तिला मारलं, वायसर. रोज संध्याकाळी घरी येऊन ती डांगरी तिच्या हातात दिली आणि वर चहा मागितला.

आता धुऊ नकोस म्हटलं तर का म्हणून विचारेल. धुण्याला बाई लावू म्हटलं तर म्हणाली, मी मेल्यावर लावा. म्हणून मी डांगरी गॅरेजच्या नळाखाली भिजवतो, तशीच निथळती घरी नेतो आणि सांगतो, रेडिएटर फुटला. तिला काही संशय आलेला नाही. आता भिजवून काय उपयोग, हे मलाही कळतं. पण कोरडी डांगरी तिच्या हातात द्यायला हात पुढे होत नाही.

तिला हे कळू देऊ नकोस. जायच्या आधी तिने माझ्याकडे त्या नजरेने बघावं, हे मला सोसणार नाही. तुला माझी शपथ आहे.

दादा


१४ जानेवारी

दादा, वहिनी,

हे पत्र दोघांच्या नावाने आहे आणि मुद्दाम घरच्या पत्त्यावर आहे. दादा, तू वाचायचं. मोठ्याने, आणि एकही ओळ न गाळता. वहिनी, तू मध्ये बोलायचं नाहीस, श्वास राखून ठेव.

तुम्ही दोघांनी मला एकच गोष्ट लिहिली आणि दोघांनी शपथ घातली. तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. ती वाचून मी पलंगावर बसून राहिले, वर्गात गेले नाही. शेजारच्या पोरीने दार वाजवलं तेव्हा समजलं की मी मोठ्याने रडते आहे. दोन्ही शपथा मोडते आहे, पाप लागलं तर मला लागू दे.

दादा, तिला माहीत आहे. डॉक्टरने तिला विचारलं होतं, तू शेजारीच होतास. तुला कळू नये म्हणून ती खोटं बोलली.

वहिनी, त्याला माहीत आहे. एकही रेडिएटर फुटलेला नाही.

मी तर आजाऱ्यालाच पत्र लिहून धडधाकट माणसाला वाचवायला सांगितलं. माझ्याएवढा गाढवपणा कुणी केला नसेल, तेव्हा तुमच्यावर रागावायला मला तोंड नाही. पण तुम्ही एका घरात राहून एकमेकांसमोर नाटक करता आहात, आणि वेळ थोडा आहे. उरलेला वेळ असा घालवू नका.

पुढच्या शुक्रवारी या सत्राचा शेवटचा पेपर आहे, ब्रेकचाच. तो दिला की लगेच निघते. माझं चुकलं असेल तर आल्यावर दोघं मिळून मला मारा.

तुमची
वायसर


१८ जानेवारी

चि. वायसर,

तू निघायच्या आधी हे तुला मिळावं म्हणून घाईने टाकतो आहे. समोर बसून मला हे सांगता येणार नाही.

तुझं पत्र वाचलं. एकही ओळ गाळली नाही. शेजारच्या शिंप्यांनाही आता सगळं माहीत झालं असेल.

रेडिएटरच्या ओळीपर्यंत आलो आणि पुढे तिच्याकडे बघवेना. कागदाकडेच बघत बसलो. तिने माझी बाही ओढली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. वाटलं, आता तळतळाट देणार. तर म्हणाली, "तरीच म्हटलं, जन्मात न फुटलेले रेडिएटर एकदम कसे फुटायला लागले." हसायला लागली. हसता हसता श्वास अडकला, नाकाला नळी लावावी लागली.

मग आम्ही दोघंही रडलो. मी विचारलं, माझा राग येतो का. म्हणाली, "येतो. सगळा तुमचा नाही, पण थोडा तुमचा पण येतो." ते ऐकून बरं वाटलं. तिने लगेच माफ केलं असतं तर मला कुठे जावं ते कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला मागच्या दारात खुर्ची मांडायला लावली, ती बरीच आत आणि मी बाहेर बादलीपाशी. म्हणाली, आता शिका. आधी पाणी, मग साबण, मग ब्रश. मी बाह्या घासल्या, पाय घासले, पिळायला घेतली. "कॉलर राहिली," ती म्हणाली. मला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाली, आणि त्यातच तिचा दम संपला. तेव्हा तिने काठी मागवली. हो, तीच. आता कॉलर राहिली की ती काठी फरशीवर आपटते. मी पाय टेकून बसलेला असतो, मला फरशीतून बरोबर कळतं.

तुझ्या पेपरात चांगलं लिही. फुंकर मारू नये, हे लिहायला विसरू नकोस.

दादा


२१ एप्रिल

चि. वायसर,

तू कॉलेजला परत गेलीस ते बरं केलंस. तुला इथे थांबू द्यायचं नाही, हे तिने मला तुझ्यादेखत दोनदा सांगितलं होतं. ब्रेकच्या पेपरात तू पहिली आलीस, हे तू तिच्या कानात सांगितलंस आणि तिने तुझ्या हातांचा वास घेतला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तू तिथे होतीस.

गॅरेज उघडलं. आपल्या रस्त्यावर अजून पाच गॅरेजं आहेत, तिथे ओलं फडकं घेऊन गेलो. सगळ्यांना सगळं सांगितलं, तिचंही सांगितलं. चहा देतात, वाईट झालं म्हणतात, आणि मी वळलो की हवेचा पाइप उचलतात. मला आवाज येत नाही, पण रस्त्यावर धूळ दिसते. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आता गॅरेजात जात नाही. त्यांच्या घरी जातो, मागच्या दाराने. बायका आधी घाबरतात, हा बहिरा म्हातारा इथे कशाला आला म्हणून. मग डांगरी खुंटीवरून काढून बादलीत कशी घालायची ते मी करून दाखवतो. त्या ऐकतात. एकीने तर मला विचारलं, इतकी वर्षं झटकली त्याचं काय? डॉक्टरचा पत्ता लिहून दिला आणि आलो.

घरात शांतता आहे, असं लोक म्हणतात. मला तर ती आधीपासूनच होती. तरी फरक कळतो.

काल संध्याकाळी डांगरी धुतली. आधी पाणी, मग साबण, मग ब्रश. कॉलर घासली आणि सवयीने थांबलो, दोन्ही पाय फरशीवर टेकून. बराच वेळ बसलो. फरशी हलली नाही. मग कॉलर पुन्हा एकदा घासली.

दादा